कर्करोगाची गाठ शोधणारी प्रथिने आणि त्यांच्या मुक्कामाचे गणित

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की पुण्यातल्या कोणत्याही कर्करोगतज्ज्ञाच्या खोलीत पहिल्या काही मिनिटांतच 'हर-टू' हा शब्द कानावर पडतो. बायॉप्सीच्या अहवालात त्यापुढे शून्य, एक अधिक, दोन अधिक किंवा तीन अधिक असा, पेशींवर हे प्रथिन किती आहे ते सांगणारा शेरा असतो, आणि पुढच्या वर्षभराचे उपचार व त्यांचा खर्च बऱ्याच अंशी त्या एका शेऱ्यावर ठरतो. हा लेख त्या शेऱ्यामागच्या विज्ञानाविषयी आहे. कर्करोगाच्या पेशीवरची एखादी विशिष्ट खूण ओळखून तिला चिकटणारी प्रथिने प्रयोगशाळेत कशी घडवतात, त्यांच्या मदतीने शरीरातली गाठ कशी पाहता येते आणि त्याच प्रथिनांवर औषध किंवा किरणोत्सारी अणू चढवून ती गाठ कशी नष्ट करता येते, हे येथे मांडायचे आहे. या विषयावरच्या लेखनात बहुतेक वेळा सगळा भर प्रथिनाच्या अचूक चिकटण्यावर असतो. माझ्या मते त्याहून कळीचा आणि सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोचणारा मुद्दा असा, की हे प्रथिन शरीरात किती वेळ मुक्काम करते. गाठ पाहायची असेल तर ते लवकर बाहेर पडायला हवे, गाठ मारायची असेल तर ते पुरेसे टिकायला हवे, आणि या दोन विरुद्ध मागण्यांतूनच या क्षेत्रातले बहुतेक निर्णय निघतात.

आधी खुणेविषयी. हर-टू हे पेशीच्या आवरणात रुतलेले एक प्रथिन आहे; त्याचा एक भाग पेशीच्या आत आणि दुसरा बाहेर असतो. पेशीने वाढावे, विभागावे असा निरोप आत पोचवणे हे त्याचे काम. स्तनाच्या निरोगी पेशीवर अशी साधारण वीस हजार प्रथिने असतात. स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत या प्रथिनाच्या जनुकाच्या जादा प्रती तयार झालेल्या असतात आणि एकेका पेशीवर त्यांची संख्या वीस लाखांपर्यंत जाऊ शकते. वाढीचा निरोप मग थांबतच नाही. मात्र याच प्रथिनाचा बाहेरचा भाग रक्तातून आलेल्या रेणूच्या आवाक्यात असल्यामुळे रोगाचे कारण हीच त्याला गाठण्याची जागाही ठरते. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. केवळ कर्करोगाच्याच पेशीवर आहे आणि इतरत्र कुठेही नाही, अशी खूण फार विरळा सापडते. हर-टू हृदयाच्या स्नायूंत असते, फुप्फुसाच्या अस्तरावर थोड्या प्रमाणात असते. रक्ताच्या काही कर्करोगांत लक्ष्य केले जाणारे सीडी-१९ हे प्रथिन रोगप्रतिकार करणाऱ्या निरोगी बी-पेशींवरही असते. फरक आहे तो प्रमाणाचा, आणि प्रमाणाच्या फरकावर उपचार उभा करायचा म्हणजे प्रत्येक पावलावर मोजमाप आले.

अशा खुणा ओळखणारी पहिली प्रथिने निसर्गाकडून मिळाली. आपल्या रोगप्रतिकारशक्तीने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडीज, हेच काम करतात. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची पद्धत शोधली आणि १९८४ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ती प्रतिपिंडे उंदराच्या पेशींपासून येत असल्यामुळे माणसाचे शरीर त्यांनाच परके समजून त्यांच्याविरुद्ध उठत असे. तेव्हा खुणेला चिकटणारा टोकाचा थोडा भाग उंदराचा ठेवून बाकीचा सारा सांगाडा माणसाच्या प्रतिपिंडाचा करण्याचे तंत्र विकसित झाले. अशा तऱ्हेने घडवलेले ट्रास्टुझुमॅब हे हर-टूविरुद्धचे औषध १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले, आणि २०१४ पासून त्याची भारतीय कंपनीने बनवलेली, तुलनेने स्वस्त आवृत्ती आपल्याकडे मिळू लागली. घडवलेल्या प्रथिनांच्या इतिहासातला हा पहिला मोठा टप्पा म्हणता येईल.

प्रतिपिंड हा आकाराने मोठा रेणू आहे. त्याचे वजन सुमारे १५० किलोडाल्टन, म्हणजे हायड्रोजनच्या अणूच्या साधारण दीड लाख पट असते. तो मूत्रपिंडाच्या गाळणीतून जात नाही. शिवाय रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील एक खास ग्राही-प्रथिन त्याला पेशीत नष्ट होऊ न देता पुन्हा रक्तात आणून सोडते. त्यामुळे त्याचा रक्तातला मुक्काम आठवड्यांमध्ये मोजावा लागतो. हर-टूचे उपचार घेणाऱ्या रुग्णांना दर तीन आठवड्यांनी सलाइन लावण्याचे वेळापत्रक पाठ असते. त्या वेळापत्रकामागे हाच मुक्काम आहे. औषध म्हणून हा गुण उत्तम आहे, परंतु त्याच प्रतिपिंडावर किरणोत्सारी अणू बसवून गाठीचे चित्र काढायला गेलो की तोच गुण आड येतो.

हे समजण्यासाठी पेट स्कॅन कसे चालते ते थोडक्यात पाहू. रुग्णाला दिलेल्या रेणूवर पॉझिट्रॉन सोडणारा अणू बसवलेला असतो. पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि एकमेकांच्या विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातले शोधक ते एकाच क्षणी टिपतात आणि अशा लाखो नोंदींवरून संगणक तो रेणू कुठे किती साठला आहे याचे चित्र तयार करतो. यंत्राला गाठ दिसत नाही, त्याला फक्त किरण दिसतात. रक्तात जर तोच रेणू भरून वाहत असेल तर गाठीतून येणारे किरण त्या गर्दीत हरवतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर ऐन मिरवणुकीत आपल्या ओळखीचा माणूस शोधणे जवळजवळ अशक्य असते. तो तिथेच उभा राहिला आणि गर्दी ओसरली, की मात्र तो लांबूनही दिसतो. प्रतिपिंडाच्या बाबतीत ही गर्दी ओसरायला चार ते सात दिवस लागतात. तितका वेळ टिकणारा अणू हवा म्हणून झिर्कोनियम-८९ वापरतात, ज्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू संपायला लागणारा काळ, ७८ तासांचे आहे. चित्र चांगले मिळते, पण रुग्णाला इंजेक्शन घेऊन काही दिवसांनी पुन्हा यावे लागते आणि दरम्यान सगळ्या शरीराला किरणांचा अनावश्यक भार सोसावा लागतो.

यावरचा उपाय म्हणजे रेणू लहान करणे. मूत्रपिंडाची गाळणी ढोबळमानाने ६० किलोडाल्टनच्या खालची प्रथिने सोडून देते. प्रतिपिंडाचा नुसता चिकटणारा हात कापून घेतला तर तो ५० किलोडाल्टनचा होतो. त्या हातातले दोन टोकाचे भाग तेवढे जोडले तर साधारण २७. बेल्जियममधील संशोधकांना उंटाच्या रक्तात एक वेगळ्याच घडणीची प्रतिपिंडे आढळली आणि १९९३ साली त्यांनी ती जगापुढे मांडली. या प्रतिपिंडांचा चिकटणारा भाग एकाच तुकड्याचा असतो आणि तो एकटा काढून घेतला तर जेमतेम १५ किलोडाल्टन भरतो. त्याला नॅनोबॉडी असे नाव मिळाले. यांहूनही लहान असलेल्या एका प्रकाराची घडण मला फार उद्‌बोधक वाटते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या आवरणावर 'प्रोटीन ए' नावाचे प्रथिन असते. त्याचा एक छोटासा भाग, केवळ ५८ अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांचा), तीन नागमोडी दांड्या एकमेकींना टेकवून ठेवाव्यात तशा आकारात घडी घालून बसतो. ही घडी विलक्षण मजबूत आहे. ९० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा थंड केले तरी ती जशीच्या तशी परत येते. स्वीडनमधल्या संशोधकांनी या तीनपैकी दोन दांड्यांच्या बाहेरच्या बाजूची १३ स्थाने निवडली, तिथली अमिनो आम्ले हवी तशी बदलायची आणि बाकी सांगाडा तसाच ठेवायचा, असे ठरवले. या प्रथिनांना ॲफिबॉडी म्हणतात आणि त्यांचे वजन साडेसहा किलोडाल्टनच्या आसपास असते. आता हिशेब पाहा. प्रत्येक स्थानी वीसपैकी कोणतेही अमिनो आम्ल येऊ शकते, म्हणजे १३ स्थानांच्या शक्यता आठावर सोळा शून्ये इतक्या होतात. त्यांतली कोणती हर-टूला चिकटेल, हे कागदावर बसून सांगणे त्या काळी कोणालाच शक्य नव्हते.

म्हणून निवड निसर्गाच्याच पद्धतीने केली गेली. जिवाणूंना लागण करणाऱ्या फाज नावाच्या विषाणूच्या जनुकांत या बदललेल्या प्रथिनाचे जनुक घातले, तर विषाणू ते प्रथिन आपल्या अंगावर मिरवतो. अशा काही अब्ज निरनिराळ्या विषाणूंचा संच तयार करायचा, तो हर-टू लावलेल्या पृष्ठभागावर ओतायचा, जे चिकटले नाहीत ते धुऊन टाकायचे, चिकटलेले सोडवून जिवाणूंमध्ये वाढवायचे आणि धुण्याची कडक शिस्त वाढवत हीच क्रिया तीन-चार वेळा करायची. शेवटी उरलेल्या विषाणूंतले जनुक वाचले की प्रथिनाची कृती हाती येते. जॉर्ज स्मिथ यांनी ही कल्पना १९८५ साली मांडली, ग्रेगरी विंटर यांनी ती प्रतिपिंडांसाठी वापरली आणि दोघांना, उत्क्रांतीचे तत्त्व विकरांवर (एन्झाइम्सवर) राबवणाऱ्या फ्रान्सेस अर्नोल्ड यांच्याबरोबर, २०१८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हर-टूसाठी पहिल्या फेऱ्यांतून मिळालेली ॲफिबॉडी ५० नॅनोमोलर इतक्या सांद्रतेला निम्म्या खुणा व्यापत असे. तिच्यात पुन्हा बदल करून, पुन्हा निवड करून मिळालेल्या सुधारित ॲफिबॉडीला तेच काम करायला २२ पिकोमोलर, म्हणजे दोन हजारांहून अधिक पटींनी कमी सांद्रता पुरली. आणखी एक भाग्याची गोष्ट म्हणजे ही ॲफिबॉडी हर-टूच्या ज्या जागी बसते ती जागा ट्रास्टुझुमॅबच्या जागेपासून वेगळी आहे. त्यामुळे रुग्णाचे औषध चालू असतानाही खूण अजून शिल्लक आहे का, हे तिच्या साहाय्याने पाहता येते.

विषाणूंतून निवडलेले प्रथिन जिवंत पेशीवर तसेच वागते का, हे तपासण्यासाठी हर-टू भरपूर असलेल्या आणि अगदी कमी असलेल्या अशा दोन्ही तऱ्हांच्या, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेल्या पेशी लागतात. देशभरातल्या प्रयोगशाळांना अशा पेशी पुरवणारे राष्ट्रीय भांडार आपल्या पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आहे. हे काम बातम्यांत येत नाही, पण पेशींची ओळख आणि शुद्धता चुकली तर त्यावर उभारलेले सारे संशोधन चुकते, इतके ते मूलभूत आहे.

गेल्या काही वर्षांत निवडीच्या आधी आराखडा काढणेही शक्य झाले आहे. अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची घडी कशी असेल हे सांगणारी संगणकप्रणाली आणि निसर्गात कधीच नसलेली प्रथिने मुळापासून रचण्याची पद्धत, या दोन्हींना मिळून २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जम्पर आणि डेव्हिड बेकर यांना दिले गेले. अशा गणनांना प्रचंड संगणकशक्ती लागते. पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत बसवलेला 'परम ब्रह्म' हा सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने घडवलेला महासंगणक याच जातीच्या, म्हणजे रेणूंच्या हालचालींचे अनुकरण करण्यासारख्या कामांसाठी उपयोगी पडतो. तरीही संगणकाने सुचवलेल्या प्रथिनाला शेवटी पेशींसमोर आणि मग प्राण्यांच्या शरीरात उभे राहावेच लागते. ती पायरी अजून कोणालाही टाळता आलेली नाही.

सांगाड्यासाठी केवळ जिवाणूंकडेच जावे लागते असे नाही. काकडीवर्गीय वेलींच्या बियांत सुमारे ३० अमिनो आम्लांची, तीन गंधक-बंधांनी गाठ मारल्यासारखी घट्ट झालेली प्रथिने असतात. बी खाणाऱ्याच्या पोटातले पाचकरस रोखणे हे त्यांचे मूळ काम. आपल्या स्वयंपाकघरातल्या कारल्याच्या बियांतही या कुळातली प्रथिने आहेत. संशोधकांनी युरोपातल्या एका रानवेलीच्या बियांतले असे प्रथिन घेतले, त्याचा एक फास बदलला आणि ते गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्यांवर आढळणाऱ्या इंटेग्रिन या खुणेला घट्ट चिकटेल असे केले. येथे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, की यावरून कारल्याच्या रसाने कर्करोग बरा होतो असा अर्थ कोणीही काढू नये. बीमधले मूळ प्रथिन इंटेग्रिनला ओळखतही नाही. ओळखतो तो प्रयोगशाळेत बदललेला, शुद्ध केलेला आणि शिरेतून दिलेला रेणू. असे अर्धवट निष्कर्ष मोबाइलवर फार वेगाने पसरतात आणि त्यांच्या नादी लागून उपचार लांबवलेली माणसे आपल्या अवतीभवती असतात, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

लहान प्रथिन हाती आले की त्यावर अणू बसवायचा असतो. धातूचा अणू नुसता चिकटवता येत नाही. त्याला धरून ठेवणारा पिंजऱ्यासारखा एक रेणू आधी प्रथिनाला जोडतात. ॲफिबॉडीच्या मूळ सांगाड्यात सिस्टीन हे अमिनो आम्ल नसतेच, त्यामुळे अभियंते शेपटीला एकच सिस्टीन जोडतात आणि पिंजरा नेमका तिथेच बसतो. चिकटणाऱ्या बाजूला धक्का लागत नाही. पेट स्कॅनसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅलियम या धातूचा अणू सर्वसाधारण पिंजऱ्यात बसवायला मिश्रण तापवावे लागते. प्रतिपिंड त्या तापमानाला टिकत नाही, ॲफिबॉडी टिकते. सांगाड्याच्या मजबुतीचा लाभ येथे मिळतो.

कोणता अणू निवडायचा हा प्रश्न पुण्यासारख्या शहरात रस्त्याच्या अंतराशीही जोडलेला आहे. मुंबईहून गाडीने पुण्यात यायला तीन तास धरू. पेट स्कॅनमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या फ्लोरीन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे आहे, म्हणजे मुंबईत भरलेल्या मात्रेचा साधारण एक-तृतीयांश भाग पुण्यात पोचतो. गॅलियम-६८ चे अर्धायुष्य ६८ मिनिटे. तो आणायचा म्हटला तर सहावा हिस्साच उरेल. म्हणून गॅलियम बाहेरून आणत नाहीत. २७१ दिवस अर्धायुष्याचे जर्मेनियम-६८ भरलेले एक छोटे उपकरण रुग्णालयातच ठेवतात आणि त्यातून दिवसातून काही वेळा ताजे गॅलियम काढून घेतात. याउलट उपचारासाठी लागणाऱ्या ल्युटेशियम-१७७ चे अर्धायुष्य ६.६५ दिवसांचे आहे आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या 'ध्रुव' अणुभट्टीत ते तयार होते. घाट चढून येईपर्यंत त्याचा एक-दीड टक्काच खर्च होतो. आता प्रथिनाचा मुक्काम आणि अणूचे आयुष्य एकमेकांना का जुळावे लागते हे लक्षात येईल. आठवडाभर रक्तात राहणाऱ्या प्रतिपिंडावर गॅलियम-६८ बसवले, तर एका दिवसात त्याचा वीस लाखांत एक भागही उरणार नाही आणि गर्दी ओसरण्याआधीच किरण संपतील. काही तासांत बाहेर पडणाऱ्या ॲफिबॉडीवर मात्र तेच गॅलियम शोभून दिसते: सकाळी इंजेक्शन, त्याच दिवशी चित्र.

बायॉप्सी असताना अशा चित्राची गरज काय, असा प्रश्न रास्त आहे. बायॉप्सी एका जागेचा सुईभर तुकडा दाखवते. रोग हाडांत, यकृतात, फुप्फुसात पसरला असेल तर प्रत्येक जागी खूण सारखीच असेल असे नसते. हर-टू असल्याची बायॉप्सीने खात्री झालेल्या ५६ रुग्णांचे झिर्कोनियम बसवलेल्या ट्रास्टुझुमॅबने पेट स्कॅन केले गेले, तेव्हा त्यांतल्या २९ टक्के रुग्णांत गाठींनी ते प्रथिन पुरेसे उचललेच नव्हते आणि अनेकांच्या एकाच शरीरातल्या गाठी एकमेकींपेक्षा वेगळ्या वागत होत्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, स्कॅनमध्ये गाठी न दिसलेल्या रुग्णांना हर-टूवर नेम धरणाऱ्या औषधाचा फायदाही फारसा झाला नाही. नेहमीचे साखरेवर आधारलेले पेट स्कॅन ही माहिती देऊ शकत नाही. ते फक्त कोणती पेशी साखर जास्त खाते आहे हे सांगते, आणि साखर तर मेंदू, हृदय आणि क्षयाने सुजलेली गाठही भरपूर खाते. क्षयरोग इतका प्रचलित असलेल्या आपल्या देशात विशिष्ट खूण दाखवणाऱ्या स्कॅनचे मोल म्हणूनच अधिक आहे.

पाहण्याकडून मारण्याकडे वळलो की सगळा हिशेब उलटतो. ॲफिबॉडीवर गॅलियमऐवजी ल्युटेशियम बसवले, तर त्याचे बीटा कण गाठीत जास्तीत जास्त दोन मिलिमीटरपर्यंत जाऊन पेशींचे डीएनए तोडतील. ॲक्टिनियम-२२५ बसवले तर अल्फा कण दहाव्या हिश्श्याच्या मिलिमीटरहूनही कमी अंतरात, म्हणजे मोजक्या पेशींच्या जाडीत, सारी ऊर्जा ओततील. पण लवकर गाळले जाणारे प्रथिन मूत्रपिंडातून नुसते निघून जात नाही. तिथल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी शरीरातले प्रथिन वाया जाऊ नये म्हणून ते पुन्हा आत ओढून घेतात, प्रथिन पचवतात आणि धातूचा अणू मात्र आतच अडकतो. चित्र काढण्याच्या मात्रेला हे चालून जाते. उपचाराच्या मात्रेला गाठीआधी मूत्रपिंडच भाजेल. यावर संशोधकांनी काढलेली वाट सुरेख आहे. ॲफिबॉडीच्या जोडीला त्यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटणारा एक छोटा भाग जोडला. अल्ब्युमिन ६६ किलोडाल्टनचे असल्यामुळे गाळणीतून जात नाही. त्याला धरून बसलेली ॲफिबॉडीही मग रक्तात टिकते, गाठीत अधिक वेळ झिरपते आणि उंदरांवरच्या प्रयोगांत मूत्रपिंडातला साठा बराच घटलेला दिसला. म्हणजे पाहण्यासाठी जो रेणू प्रयत्नपूर्वक छोटा केला, त्यालाच मारण्यासाठी मोठ्याचा हात धरायला लावला.

न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी, म्हणजे संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींपासून उद्भवणाऱ्या गाठींसाठी, ल्युटेशियमचे जे उपचार आज रुग्णालयांत होतात, त्यांतला वाहक रेणू पूर्ण प्रथिन नसून आठ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी आहे, पण तिलाही मूत्रपिंडाचा हाच धोका असतो. म्हणून त्या रुग्णांना औषधाबरोबर कित्येक तास लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांचे सलाइन देतात. नलिकांतल्या पेशी त्यांना ओढून घेण्यात गुंततात आणि किरणोत्सारी रेणू बराचसा निसटून जातो. सलाइनच्या त्या लांबलेल्या तासांमागचे कारण नातेवाइकांना कोणी सांगत नाही, ते सांगितले जावे असे मला वाटते.

किरणांऐवजी औषध चढवले तर मोठे प्रतिपिंडच अजूनही सरस ठरते आहे. ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन या औषधात एका प्रतिपिंडावर सुमारे आठ अतितीव्र औषध-रेणू एका छोट्या दुव्याने बांधलेले असतात. प्रतिपिंड हर-टूसकट पेशीच्या आत ओढले गेले की तिथले पाचक विकर तो दुवा तोडतात आणि औषध मोकळे होते. हे औषध पेशीचे आवरण ओलांडून शेजारच्या, खूण कमी असलेल्या पेशींनाही मारू शकते. याच गुणामुळे, पूर्वी 'हर-टू नाही' म्हणून ज्यांना या वाटेने काहीच देता येत नव्हते अशा अल्प खूण असलेल्या पसरलेल्या रोगाच्या रुग्णांवर त्याची चाचणी घेतली गेली. २०२२ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत या रुग्णांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) केमोथेरपी घेणाऱ्या गटात १६.८ महिने, तर या औषधाच्या गटात २३.४ महिने आढळले. त्याचबरोबर काही रुग्णांत फुप्फुसांना गंभीर सूज आली, आणि खोकला किंवा धाप लागताच डॉक्टरांना कळवावे अशी ताकीद म्हणूनच दिली जाते.

आता चिकटण्याच्या ताकदीविषयी. जितके घट्ट तितके चांगले, हा समज दोन कारणांनी अपुरा आहे. फार घट्ट चिकटणारे मोठे प्रथिन रक्तवाहिनीतून बाहेर पडताच समोर येणाऱ्या पहिल्याच पेशींना धरते आणि गाठीच्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही. थोडे सैल चिकटणारे प्रथिन सुटत-धरत अधिक आत जाते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात, पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णाला त्याच्याच टी-पेशींवर (घातक पेशींना मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) ट्रास्टुझुमॅबचा चिकटणारा भाग बसवून त्या परत दिल्या गेल्या. पंधरा मिनिटांत त्या रुग्णाला श्वास घेणे कठीण झाले आणि पाच दिवसांनी तो दगावला. फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरचे अत्यल्प हर-टूही त्या टी-पेशींना हल्ला करायला पुरेसे ठरले असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. त्यानंतर अनेकांनी चिकटण्याची ताकद मुद्दाम कमी केलेली प्रथिने टी-पेशींवर बसवून पाहिली, म्हणजे दाट खूण असेल तिथेच हल्ला होईल आणि विरळ खुणेकडे दुर्लक्ष होईल. ताकद कमी करण्यासाठी केलेले अभियांत्रिकी काम ताकद वाढवण्याइतकेच नाजूक असते.

टी-पेशींच्या या उपचाराचा भारतीय अवतार आपल्या शेजारीच घडला. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्यात सीडी-१९ ओळखणारा प्रतिपिंडाचा तुकडा मानवी घडणीच्या जवळ आणलेला आहे. परदेशातल्या अशाच उपचाराच्या तुलनेत त्याची किंमत सुमारे एक-दशांश असली, तरी मध्यमवर्गीय कुटुंबाला ती अजूनही न पेलणारीच आहे.

पुण्यातल्या रुग्णाला यांतले आज काय उपयोगी पडते? न्यूरोएंडोक्राइन आणि प्रोस्टेटच्या गाठींसाठी खूण दाखवणारे पेट स्कॅन आणि ल्युटेशियमचे उपचार आता प्रचलित आहेत, जरी त्यांतले वाहक रेणू प्रथिनांहून बरेच लहान असले. ॲफिबॉडी आणि नॅनोबॉडीवर आधारलेले हर-टूचे स्कॅन जगभर अजून प्रामुख्याने चाचण्यांच्या पातळीवर आहेत, तेव्हा हर-टूसाठी बायॉप्सी हाच आधार राहतो. म्हणून दोन गोष्टी डॉक्टरांशी अवश्य बोलाव्यात. रोग परत आला किंवा नव्या जागी पसरला, तर शक्य असेल तिथे त्या नव्या जागेची बायॉप्सी करून हर-टू पुन्हा तपासता येईल का, हे विचारावे, कारण खूण काळानुसार बदलू शकते. आणि जुन्या अहवालात नुसते 'निगेटिव्ह' असे लिहिले असेल, तर नेमका शेरा शून्य होता की एक अधिक, हे विचारावे. २०२२ पूर्वी या दोहोंत उपचाराच्या दृष्टीने फरक नसल्यामुळे अनेक अहवालांत तो काळजीपूर्वक नोंदला गेलेला नाही. बायॉप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात रुग्णालयाकडे जपून ठेवलेला असतो, आणि तो ठोकळा मागवून पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घेता येतो.